ससा खात नाही तेव्हा

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी सशांची एक जोडी होती. मादी पांढरीशुभ्र, डोळे गुंजेसारखे लाल. म्हणून मुलांनी तिचे नाव गुंजी ठेवले होते. नर करड्या रंगाचा, तो भुरा. एप्रिल महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी गुंजीने पुढे केलेली कोथिंबीर नुसती हुंगली आणि तोंड फिरवले. उन्हाळ्यात माणसाचीही भूक मंदावते. पोटात कावळे ओरडू लागले की खाईल आपोआप, असे आम्ही मुलांना सांगितले. रविवारी ती दिवसभर कोपऱ्यात अंग आखडून बसली होती. रविवारी दवाखाना बंदच असणार, हेही आम्ही परस्पर ठरवून टाकले. सोमवारी सकाळी तिला टोपलीत घालून पशुवैद्यकांकडे नेले. त्यांनी तिचे कान चाचपले, पोटाला हात लावला आणि विचारले, "शेवटची लेंडी कधी टाकली हिने?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. संशोधन हा आमचा व्यवसाय, निरीक्षण ही त्याची पहिली पायरी. पण घरातल्या प्राण्याविषयीच्या या साध्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. गुंजी त्याच दुपारी गेली.

हा प्रश्न त्यांनी सर्वांत आधी का विचारला, हे आम्हाला नंतर नीट समजले. अनेक शाळांमध्ये आणि घरांमध्ये हौसेने ससे पाळले जातात. म्हणून त्या प्रश्नामागचे विज्ञान येथे मांडत आहोत.

कुत्र्याचा उपास आणि सशाचा उपास

कुत्र्याने एखाद्या वेळी अन्नाला तोंड लावले नाही, तर आपण फारसे घाबरत नाही. कुत्रा हा मांसाहारी प्राण्यांचा वंशज. शिकार मिळाली की भरपेट खायचे, नाही मिळाली तर उपाशी राहायचे, अशी त्याच्या पूर्वजांची रीत. बिघडलेले अन्न पोटात गेले तर तो ते ओकून टाकतो.

सशाचे तसे नाही. जठराच्या तोंडाशी असलेले स्नायूंचे कडे इतके घट्ट असते आणि जठराची ठेवणही अशी असते, की ससा ओकू शकत नाही. जे आत गेले ते पुढेच सरकले पाहिजे. शिवाय निरोगी सशाचे जठर सहसा रिकामे नसतेच. दिवसभर उपाशी ठेवलेल्या सशाच्या जठरातही बरेच अन्न आढळते. त्यामुळे 'पोट रिकामे झाले की भूक लागेल' हा आपला हिशेब सशाला लागू पडत नाही. त्याचे पचन हे सतत फिरत्या रहाटासारखे आहे. रहाट फिरता ठेवायचा तर त्यावर सतत काहीतरी पडत राहिले पाहिजे.

आपण पाळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगाल भागातला, बिळात राहणारा. आपल्या माळरानावर दिसणारा ससा वेगळ्या प्रजातीचा. तो बीळ खणत नाही, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. रानात सापडलेले सशाचे पिल्लू घरी आणू नये, हेही विद्यार्थ्यांना या निमित्ताने सांगावे. या लेखात आपण पाळीव सशाचाच विचार करत आहोत.

गवत पचवण्याची युक्ती

गवतातील सेल्युलोज पचवणारे विकर सस्तन प्राण्यांच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. ते काम सूक्ष्मजीवांकडून करून घ्यावे लागते. गाय हे काम जठराच्या अलीकडे, मोठ्या कोठीपोटात करवून घेते आणि मग रवंथ करते. ससा आणि घोडा ते काम आतड्याच्या मागच्या टोकाला करवून घेतात. लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, तेथे उंडुक नावाची एक बंद टोकाची पिशवी असते. माणसात ती अगदी छोटी असते. सशात मात्र ती पोटातला सर्वांत मोठा अवयव असते. तिच्यात जठराच्या सुमारे दहापट माल मावतो. जणू एक आंबवण्याचा हौदच. येथे अब्जावधी जीवाणू किण्वन करून बाष्पनशील मेदाम्ले तयार करतात आणि ससा ती शोषून ऊर्जा मिळवतो.

पण ससा हा छोटा प्राणी. गाईसारखा चाऱ्याचा बोजा पोटात घेऊन बसणे त्याला परवडणारे नाही. शत्रू आला तर पळायचे असते. म्हणून त्याच्या मोठ्या आतड्यात चाळणीची एक सुंदर व्यवस्था आहे. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून जाड असलेले तंतू आतडे झटपट पुढे ढकलते. त्यांच्यापासून कोरड्या, गोल, कठीण लेंड्या तयार होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि पाणी मात्र उलट्या दिशेच्या आकुंचनांनी मागे, उंडुकाकडे पाठवले जाते. जाड तंतू बाहेर, बारीक कण हौदात, अशी ही विभागणी अखंड चालू असते.

आता गंमत अशी, की जे जाड तंतू ससा जवळजवळ न पचवताच टाकून देतो, तेच त्याला सर्वांत आवश्यक असतात. त्यांच्या स्पर्शाने आणि भाराने आतड्याचे क्रमसंकोच चालू राहतात. पोषणाच्या दृष्टीने कुचकामी वाटणारा चोथा हाच या यंत्राला गती देतो.

दोन प्रकारच्या लेंड्या

हौदात तयार झालेले पोषण शोषून घेण्यात एक अडचण आहे. जीवाणूंनी बनवलेली प्रथिने आणि ब व के गटातील जीवनसत्त्वे तयार होतात ती लहान आतड्याच्या पुढे. तेथून ती मागे कशी आणायची? सशाने त्यावर उत्तर शोधले आहे. दिवसातून एकदोनदा, बहुधा विश्रांतीच्या वेळी, उंडुकातील माल मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर येतो आणि ससा तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन न चावता गिळतो. फ्रान्समधील पशुवैद्यक मोरो यांनी 1882 मध्ये या सवयीचे वर्णन केले. पाहणाऱ्याला किळस येईल. पण गाय जे रवंथ करून साधते, तेच ससा या मार्गाने साधतो.

म्हणजे सशाची भूक, त्याची लेंडी आणि त्याच्या पोटातील जीवाणू ही एकाच साखळीतील कड्या आहेत. पशुवैद्यकांच्या प्रश्नाचे मर्म आता ध्यानात येईल. पोटात काय चालले आहे हे ससा सांगू शकत नाही, लेंड्या सांगतात. निरोगी ससा दिवसाला साधारण शंभर ते तीनशे कठीण लेंड्या टाकतो. आदल्या दिवसापेक्षा त्या लहान, कमी, वेड्यावाकड्या किंवा केसांच्या धाग्यात माळेसारख्या ओवलेल्या दिसू लागल्या, तर आतड्याची गती बदलत असल्याची ती पहिली खूण होय. बऱ्याचदा ससा पानाला नाही म्हणण्याआधीच ही खूण दिसते.

रहाट थांबतो तेव्हा

समजा, काही कारणाने सशाला दुखते आहे किंवा तो घाबरला आहे. अशा वेळी शरीरात ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये स्रवतात. त्यांच्या प्रभावाने आतड्याची हालचाल मंदावते. हालचाल मंदावली की जठरातील अन्न तेथेच राहते. त्यातील पाणी शोषले जाऊन अन्न आणि अंग चाटताना गिळलेले केस यांचा घट्ट गोळा होतो. इकडे हौदात नवा माल येत नाही, जीवाणूंचा समतोल ढळतो आणि वायू तयार करणारे जीवाणू वाढतात. पोट फुगते. फुगले की दुखते. दुखले की ससा आणखी खात नाही. खाल्ले नाही की तंतू मिळत नाहीत, आणि आतडे आणखी मंदावते. हे दुष्टचक्र आपण होऊन सहसा थांबत नाही. इंधन मिळत नसल्याने शरीर साठवलेली चरबी वापरू लागते. ती यकृतात साचून यकृत निकामी होऊ लागते. लठ्ठ सशांना हा धोका अधिक.

पूर्वी अशा सशाच्या जठरात केसांचा गोळा सापडला, की तोच मृत्यूचे कारण समजला जाई. आता आपल्याला माहीत आहे, की केस सगळ्याच सशांच्या पोटात असतात. बहुतेक वेळा गोळा हे कारण नसून आतडे थांबल्याचा परिणाम असतो.

याहून वेगळा आणि अधिक घातक प्रकार म्हणजे आतडे तुंबणे. दाबून घट्ट झालेला केसांचा बोळा, गालिच्याचा धागा किंवा फुगलेले कडधान्य लहान आतड्यात अडकते. ओकता येत नसल्याने जठर फुग्यासारखे ताणले जाते. सकाळी बागडणारा ससा संध्याकाळपर्यंत निपचित पडतो. येथे प्रश्न काही तासांचाच असतो.

भूक मरण्याची कारणे

पहिले कारण दात. सशाला एकूण 28 दात असतात आणि ते सगळे, दाढांसकट, आयुष्यभर वाढतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात. गवत तासन्‌तास चघळल्याने ते झिजतात. मऊ खाद्यावर वाढलेल्या सशाच्या दाढांना मात्र सुईसारखी टोके येतात आणि ती जिभेत किंवा गालात रुततात. असा ससा खायला धावतो, पान तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली राहते.

दुसरे कारण आहार. चित्रांमुळे ससा म्हणजे गाजर हे समीकरण मुलांच्या मनात पक्के बसलेले असते. गाजर, फळे, पोळी, बिस्किटे यांत शर्करा आणि पिष्ट भरपूर, तंतू कमी. सशाच्या आहाराचा बहुतांश भाग ताजे किंवा वाळलेले गवत हाच असावा. हरळी, इतर कुरणाचे गवत चालते. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला त्यातील कॅल्शियम जास्त होते. कोवळी ज्वारी गुरांना बाधते हे शेतकऱ्यांना माहीत असते. ती सशालाही देऊ नये. आहारातील कोणताही बदल हळूहळू करावा. जीवाणूंनाही नव्या चाऱ्याची सवय व्हावी लागते.

तिसरे कारण उष्णता आणि पाण्याची कमतरता. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखे धापा टाकून अंग थंड करणेही त्याला नीट जमत नाही. कानांतील रक्तवाहिन्या हाच त्याचा मुख्य उष्णता-विसर्जक. हवेचे तापमान 30 अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याला त्रास होतो. मग विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्याची कल्पनाच करावी.

चौथे कारण भीती आणि वेदना. दिवाळीतले फटाके, मिरवणुकीतले ध्वनिवर्धक, पिंजऱ्याभोवती फिरणारे मांजर, जोडीदाराचा मृत्यू, यांपैकी कशानेही आतडे मंदावू शकते. मूत्राशयातील खडे, पायाची जखम, वयस्क मादीच्या गर्भाशयातील गाठी यांचे पहिले लक्षणही 'खात नाही' हेच असू शकते.

वाट किती वेळ पाहावी?

ससा हे भक्ष्य. आजारी दिसणारे भक्ष्य आधी मारले जाते, म्हणून वेदना लपवणे हा त्याचा स्वभाव. तरीही नजर सरावली की ती ओळखता येते. 2012 मध्ये संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. मिटत चाललेले डोळे, चपटे झालेले गाल, नाकपुड्यांचा बदललेला आकार, ताठरलेल्या मिशा आणि मागे आवळलेले कान, अशी पाच लक्षणे त्यात पाहतात. पोट जमिनीला दाबून बसणे आणि दात करकरा चावणे ही आणखी दोन.

निर्णयासाठी आम्ही पुढील नियम पाळतो.

एक: सशाने नेहमीपेक्षा कमी खाल्ले, लेंड्या लहान झाल्या, पण तो हिंडतो-फिरतो आहे. अशा वेळी त्याची आवडती वस्तू, समजा कोथिंबिरीची काडी, पुढे करून पाहावी. ताजे गवत आणि पाणी ठेवावे आणि दर दोन-तीन तासांनी नोंद घ्यावी. तो दिवस संपेपर्यंत सुधारणा नसेल तर पशुवैद्यकांशी बोलावे.

दोन: आवडीची वस्तूही नाकारली, किंवा दहा-बारा तासांत काहीच खाल्ले नाही, किंवा तेवढ्या वेळात एकही लेंडी नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 'उद्या सकाळी बघू' हे वाक्य येथे चालत नाही.

तीन: पोट टणक किंवा फुगलेले, कान थंडगार, ससा मलूल किंवा आडवा पडलेला, तोंड उघडून श्वास घेणारा. क्षणाचाही विलंब नको, मग रात्र असो वा रविवार.

थंड कानांना एवढे महत्त्व का? सशाचे नेहमीचे तापमान साधारण 38.5 ते 39.5 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून अधिक. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दवाखान्यात आणलेल्या तीनशेहून अधिक सशांचे तापमान आणि त्यांचे पुढे काय झाले हे ताडून पाहिले. ज्यांचे अंग थंड पडले होते, त्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या तिप्पट होता. आपल्याला ताप चढला की धास्ती वाटते. सशाच्या बाबतीत तापमान उतरणे अधिक भयसूचक.

दवाखान्यात आणि घरी

पशुवैद्यक तापमान पाहतात, पोट चाचपतात, आतड्याचा आवाज ऐकतात आणि दाढा तपासतात. गरज पडल्यास क्ष-किरण चित्र काढतात. रक्तातील शर्करेचाही उपयोग होतो. 2012 मध्ये ब्रिटनमधील पशुवैद्यकांनी दाखवले, की आतडे तुंबलेल्या सशांत ती फार वाढलेली असते, तर नुसते मंदावलेल्यांत तेवढी नसते. उपचारात शिरेतून किंवा त्वचेखालून द्रव, वेदनाशामक, ऊब आणि अडथळा नसल्याची खात्री झाल्यावर आतड्याला गती देणारे औषध व पिचकारीने भरवणे येते. भूल द्यायची असली तरी सशाला कुत्र्यासारखे रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. कारण उघड आहे: तो ओकत नाही, आणि उपास त्याला सोसत नाही.

घरी काय करू नये, हे अधिक महत्त्वाचे. माणसांची औषधे देऊ नयेत. विशेषतः घरात उरलेले ॲमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन तोंडावाटे दिल्यास उंडुकातील उपयुक्त जीवाणू मरतात, घातक जीवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवर मारण्याचे फिप्रोनिलचे फवारे सशाला विषारी असतात. तेल, अननसाचा रस असे घरगुती उपाय वेळ घालवतात. पोट फुगलेल्या सशाला जबरदस्तीने भरवू नये. करायचे ते एवढेच: शांत जागा, अंग थंड असेल तर कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, उन्हाने तापले असेल तर कानांना साधे गार पाणी, आणि लवकर प्रवास. सोबती असल्यास त्यालाही बरोबर न्यावे.

गुरे-कुत्री जास्त येत असल्याने सर्वच दवाखान्यांत सशांचा अनुभव असतो असे नाही. म्हणून ससा आणण्याआधीच जवळचा पशुवैद्यक शोधून ठेवावा. मुंबईतील परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्या परिसरातील शाळांनी तेथे चौकशी करावी.

शाळेतला ससा

शाळेत ससा असेल तर त्याची खरी परीक्षा शनिवार-रविवारी आणि सुट्टीत असते. शुक्रवारी तोंड फिरवलेल्या सशाकडे सोमवारी लक्ष जाणे म्हणजे फारच उशीर. जबाबदारीचे नाव फळ्यावर लिहिता येत नसेल तर ससा न पाळणेच बरे.

पाळला असेल तर तो उत्तम प्रयोगशाळा ठरतो. रोज एका विद्यार्थ्याने पिंजरा झाडून लेंड्या मोजाव्यात. दहा लेंड्या आलेख-कागदावर ओळीने मांडून एकूण लांबी मोजावी आणि सरासरी काढावी. दर आठवड्याला तराजूवर वजन घ्यावे. एक वाळलेली लेंडी काडीने फोडून भिंगाखाली पाहावी. आत गवताचे तुकडेच तुकडे दिसतील, दुर्गंधी जवळजवळ नसेल. चाळणीने जाड तंतू बाहेर टाकल्याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा. त्यानंतर साबणाने हात धुणे अर्थातच सक्तीचे. महिनाभराच्या नोंदींवरून आपल्या सशाची 'नेहमीची' संख्या कळते. 'नेहमीचे' माहीत असेल तरच 'वेगळे' ओळखता येते.

गुंजी गेल्यावर आमच्या घरातही पिंजऱ्याला एक वही टांगली गेली. पुढच्या वर्षी एका सकाळी मुलीने वही आणून दाखवली: भुऱ्याच्या लेंड्या दोन दिवस लहान होत गेल्या होत्या आणि त्या दिवशी फक्त अकरा होत्या. कोथिंबीर त्याने तोंडात घेऊन टाकून दिली. हनुवटी ओली होती. दुपारच्या आत आम्ही दवाखान्यात होतो. डाव्या दाढेचे टोक जिभेत रुतले होते. पशुवैद्यकांनी भूल देऊन ते घासले, वेदनाशामक दिले, भरवण्याची रीत शिकवली. शेवटची लेंडी कधी टाकली, हे त्यांनी याही वेळी विचारले. मुलीने वही उघडली आणि वेळ सांगितली.